तळं बदललं, मासा तोच

नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीकडे निघालं, की सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर भिवापूर लागतं. मिरचीसाठी नावाजलेला हा तालुका. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि धान. पूर्वेला थोडं पुढे गेलं की झाडीपट्टी सुरू होते. अशा तालुक्यात हुशार मुलाची वाट बहुधा ठरलेली असते. दहावी गावात, अकरावी-बारावी भिवापूरला, उमरेडला नाहीतर नागपूरला खोली करून, आणि मग प्रवेश परीक्षा. त्यातून एखादीला नागपूरच्या ‘व्हीएनआयटी’त म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळते, एखाद्याला १९४७ साली सुरू झालेल्या तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तर एखादं पोर थेट आयआयटी मुंबईला पोहोचतं. गावात पेढे वाटले जातात, चौकात फ्लेक्स लागतो, शाळा सत्कार करते.

यानंतर जे घडतं, त्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. पहिल्या सत्राच्या पहिल्या परीक्षेचे गुण लागतात आणि आयुष्यभर पहिली आलेली मुलगी वर्गात सत्तरावी असते. शेजारी बसलेल्या मुलाला जे एका वाचनात कळतं, ते तिला तीनदा वाचून कळत नाही. होस्टेलच्या खोलीत ती स्वतःशी म्हणते, “मी इथली नाही. माझी निवड चुकून झाली.” घरी फोनवर मात्र “सगळं छान चाललंय” एवढंच सांगते. सुट्टीत गावी आली की कुणीतरी विचारतंच, “तू तं नेहमी पहिली येत होती ना, आता काहून मागे पडून राह्यली?”

“मी कमी आहे” या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या की लक्षात येतं, की त्यातली एकच गोष्ट अभ्यासाच्या तयारीची आहे आणि ती भरून काढता येते. उरलेल्या तिन्हींचा तिच्या बुद्धीशी संबंध नाही. या प्रकरणात त्या चारही गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट : तुलनेचं गणित

आपण किती हुशार आहोत हे माणसाला आतून आपोआप कळत नाही. उंची मोजायला पट्टी आहे, बुद्धी मोजायला रोजच्या वापरातली पट्टी नाही. म्हणून माणूस आसपासच्या माणसांकडे पाहून स्वतःला जोखतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हा विचार सिद्धांताच्या रूपात मांडला. आसपासची माणसं बदलली, की आपलं स्वतःविषयीचं मत बदलतं. त्यासाठी आपल्यात काहीही बदल व्हावा लागत नाही.

१९६६ साली जेम्स डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकी महाविद्यालयांतल्या पदवीधर तरुणांचा अभ्यास केला. कुठलं करिअर निवडायचं हे ठरवताना, आपलं महाविद्यालय किती नामवंत आहे यापेक्षा त्यात आपला क्रमांक कितवा आहे याचा प्रभाव जास्त पडतो, असं त्यांना दिसलं. नामांकित संस्थेत मधल्या फळीत असलेले विद्यार्थी मोठी स्वप्नं सोडून देत. तितक्याच क्षमतेचे, पण साध्या महाविद्यालयात पुढे असलेले विद्यार्थी तीच स्वप्नं धरून ठेवत. १९८४ मध्ये हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर यांनी ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांमध्ये हीच गोष्ट दाखवली. तिला पुढे नाव पडलं ते ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ या कल्पनेवरून. लहान तळ्यात मासा मोठा दिसतो. तोच मासा मोठ्या तळ्यात सोडला, तर त्याला आपण लहान झालो असं वाटतं. त्याचं वजन मात्र तेवढंच असतं. २००३ साली मार्श आणि किट-ताई हाउ यांनी २६ देशांतल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. सारखीच गुणवत्ता असलेली दोन मुलं घेतली, तर अधिक हुशार मुलांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत खालचं असतं, असाच कल त्यांना आढळला. म्हणजे हा भिवापूरचा किंवा मराठी मनाचा दोष म्हणता येत नाही. निवडक संस्था जिथे जिथे आहेत, तिथे तिथे हे घडतं.

आता साधा हिशेब करू. शंभर जणांच्या वर्गात प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला आहे असं समजा. परीक्षा झाल्यावर त्यांच्यातला एकच पहिला येणार आणि पन्नास जण खालच्या अर्ध्यात जाणार. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी पन्नास जण खालच्या अर्ध्यातच राहतील, कारण क्रमांक हे रांगेतलं स्थान आहे. २०२४ साली सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी जेईई ॲडव्हान्स्डला बसले आणि देशातल्या २३ आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १७,७४०. ही परीक्षा देण्याचा हक्कच मुळात जेईई मेनमध्ये वरच्या रांगेत आलेल्यांना मिळतो. इतक्या चाळण्यांतून गेलेल्या गटातला शेवटचा विद्यार्थीही देशातल्या आपल्या वयाच्या मुलांमध्ये फार वरचा असतो. तो शेवटचा आहे तो त्या खोलीपुरता.

त्यात अनेक संस्थांमध्ये सापेक्ष श्रेणी असते. एए, एबी, बीबी अशी अक्षरं वर्गातल्या इतरांच्या गुणांकडे पाहून ठरतात. अशा श्रेणीपत्रकातून विद्यार्थी किती शिकला यापेक्षा तो कितव्या जागी उभा आहे हे जास्त कळतं. पहिल्या सत्राची श्रेणी वाचताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवायलाच हवा.

दुसरी गोष्ट : सगळेच गप्प

क्रमांक खाली गेला तर वाईट वाटणारच. पण “बाकी सगळ्यांना जमतंय, मला एकटीलाच जमत नाही” हे कुठून येतं? याचं उत्तर एका छोट्या प्रयोगात मिळतं. १९८७ साली डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम दुर्बोध लिहिलेला एक लेख वाचायला दिला. समजण्यात फारच अडचण आली तर बाहेर येऊन विचारा, असंही सांगून ठेवलं. कुणीच विचारायला गेलं नाही. आपण विचारायला गेलो नाही ते संकोचामुळे, हे प्रत्येकाला माहीत होतं. इतर गेले नाहीत ते मात्र त्यांना लेख समजला म्हणून, असं प्रत्येकाला वाटलं.

व्याख्यानाच्या वर्गात रोज हेच होतं. प्राध्यापक विचारतात, “काही शंका?” वर्ग शांत. प्रत्येकाच्या मनात शंका असते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘त्याला कळलं’ असा लावतो. होस्टेलमध्ये याला आणखी धार येते. रात्री दोनपर्यंत वाचणारा मुलगा “यार, काहीच वाचलं नाही” असं म्हणतो, आणि ते ऐकणाऱ्याला वाटतं, हा न वाचता पुढे आणि मी वाचूनही मागे. इतरांचा फक्त निकाल दिसतो, त्यामागची धडपड दिसत नाही. स्वतःची धडपड मात्र चोवीस तास डोळ्यांसमोर असते. ही तुलना सुरुवातीपासूनच खोटी आहे.

याच मौनातून आणखी एक समज वाढतो. आपण या जागेला लायक नाही आणि एक दिवस ते उघडं पडेल, असं वाटू लागतं. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी त्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबर काम करताना त्यांना दिसलं, की पदव्या आणि सन्मान पदरात असूनही या स्त्रिया आपल्या यशाचं श्रेय नशिबाला, निवड समितीच्या चुकीला किंवा आपल्या गोड बोलण्याला देत होत्या. पुढच्या संशोधनात पुरुषांमध्येही हे आढळलं. या दोघींनी त्याला आजार म्हटलं नव्हतं आणि आजही मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याला स्थान नाही. ती एक विचार करण्याची सवय आहे. यश आलं की ते नशिबाच्या खात्यात आणि अपयश आलं की ते स्वतःच्या खात्यात. असा हिशेब ठेवला, तर कितीही गुण मिळाले तरी जमेची बाजू रिकामीच राहणार.

तिसरी गोष्ट : खरी तफावत

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग हे सगळं मनाचेच खेळ का? तसं नाही. तयारीत खरा फरक असतो आणि तो नाकारणं हा विद्यार्थ्यावर अन्यायच आहे.

मराठी माध्यमातली मुलगी दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ शिकते. अकरावी विज्ञानाला गेली की तेच ‘ॲक्सलरेशन’ आणि ‘मोमेंटम’ होतात. दोन वर्षांत ती शब्द पाठ करते, प्रवेश परीक्षाही पार करते. पर्याय निवडायच्या परीक्षेत एवढी भाषा पुरते. पण तासभराचं इंग्रजी व्याख्यान ऐकत टिपणं घेणं, सहाशे पानांचं पाठ्यपुस्तक वाचणं, तोंडी परीक्षेत उत्तर देणं यांना वेगळी भाषा लागते. लक्षाचा अर्धा वाटा वाक्य समजून घेण्यात जातो आणि आशयाला अर्धाच उरतो. मागच्या बाकावरून पाहणाऱ्याला ती संथ वाटते. खरं तर ती एका वेळी दोन कामं करत असते.

भाषेबरोबर इतरही बरंच काही येतं. कुणी आठवीपासून कोटाच्या धर्तीवरच्या क्लासमध्ये बसलेला असतो, कुणी शाळेतच प्रोग्रॅमिंग शिकलेला असतो, कुणाच्या घरी दोन डॉक्टर असतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये निम्म्या जागा गृहराज्याला आणि निम्म्या बाकी देशाला असतात. त्यामुळे नागपूरच्या होस्टेलमध्ये देशभरातली मुलं भेटतात आणि बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं. भिवापूरकडच्या बोलीत ‘मले’, ‘तुले’ म्हणणारं पोर पुण्या-मुंबईत गेलं, तर मराठी बोलतानाही अडखळतं. शंका विचारण्यापूर्वी ते वाक्य तीनदा मनात जुळवून पाहतं आणि तोवर प्राध्यापक पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात.

या तफावतीचं काय करायचं, यावर सर्वांत उपयोगी काम यूरी ट्राइझमन यांनी केलं. १९७० च्या दशकात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या परिसरात गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. तिथे कलनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे असत. प्राध्यापकांकडे कारणं तयार होती : जिद्द नाही, तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही. ट्राइझमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि सुमारे दीड वर्ष त्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. ही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मन लावून अभ्यास करत होते. घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. फरक एकच होता. ते एकटे अभ्यास करत होते. अडलेलं गणित अडलेलंच राही, आणि आपली चूक काय हे त्यांना परीक्षेत कळे. चिनी विद्यार्थी आधी एकट्याने गणितं सोडवत आणि संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही, तर ते गणितच कठीण आहे हे सगळ्यांना एकदम कळे.

ट्राइझमन यांनी मग कच्च्या विद्यार्थ्यांसाठी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. त्यांनी गटाने बसून नेहमीपेक्षा कठीण गणितं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. तुम्ही कमी आहात म्हणून या, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला गणितात पुढे जायचं आहे म्हणून या, असं सांगितलं. नापास होण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. विद्यार्थी, प्राध्यापक आणि विद्यापीठ तेच होते. बदलली ती अभ्यासाची पद्धत.

चौथी गोष्ट : दार कुणी अडवलंय का?

काही वेळा ‘मी इथला नाही’ ही भावना मनातून उगवत नाही, बाहेरून दिली जाते. रँक विचारून जात ओळखणं, ‘कोट्यातला’ म्हणून बोलणं, प्रात्यक्षिकाच्या गटात न घेणं, हे आपल्या संस्थांमध्ये घडलं आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात. २००७ साली आलेल्या या अहवालात शिक्षकांच्या वागणुकीपासून होस्टेलमधल्या वेगळेपणापर्यंत भेदभावाची नोंद आहे, आणि इंग्रजीसह अभ्यासाला संस्थेकडून मदत मिळावी अशी शिफारसही आहे.

अशा ठिकाणी विद्यार्थ्याला ‘आत्मविश्वास वाढव’ असा सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या अपराधाची जबाबदारी त्याच्यावर टाकणं. तिथे तक्रार निवारण कक्ष, समान संधी कक्ष आणि संघटित आवाज लागतो.

शास्त्रीय पुरावाही हेच सांगतो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका निवडक महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं, एवढंच त्यांचं सार होतं. साधारण तासाभराच्या या कामाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. २०२३ मध्ये २२ संस्थांमधल्या २६,९११ विद्यार्थ्यांवर याचीच मोठी चाचणी झाली. उपाय लागू पडला, पण ज्या संस्थांमध्ये त्या गटाच्या विद्यार्थ्यांना खरोखर सामावून घेतलं जात होतं, मुख्यतः तिथेच. शब्दांना संस्थेच्या वागणुकीची साथ हवी, नाहीतर ते पोकळ ठरतात.

विदर्भातलं एक उत्तर

या प्रश्नावर आपल्याकडेही काम सुरू आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले राजू केंद्रे हे त्यांच्या घरातल्या शिकणाऱ्या पहिल्या पिढीतले. शेतकरी घरातून पुण्याला शिकायला गेल्यावर मोठं शहर आणि मोठं शिक्षण किती परकं वाटू शकतं, हे त्यांनी अनुभवलं आणि पुढे जाहीरपणे सांगितलं. मुक्त विद्यापीठातून पदवी, मग टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि नंतर शिष्यवृत्तीवर लंडनचं ‘सोआस’ विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला. २०१७ साली त्यांनी यवतमाळमध्ये ‘एकलव्य’ हे काम उभं केलं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठांची माहिती देणं, अर्ज आणि मुलाखतीची तयारी करून घेणं, आणि त्याच वाटेने गेलेल्या ताई-दादांशी त्यांची गाठ घालून देणं, हे त्याचं स्वरूप आहे. या शेवटच्या भागाचं मोल सर्वांत मोठं आहे. आपल्यासारखं बोलणारं, आपल्यासारख्या गावातून आलेलं कुणीतरी त्या वर्गात आधी बसून गेलंय, हे समजलं की ‘मी चुकून आलो’ हा समज टिकत नाही.

आता काय करायचं?

विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात तीन-चार जणांचा गट जमवावा. आधी एकट्याने सोडवायचं, मग एकत्र तपासायचं. वर्गात विचारायला संकोच वाटत असेल, तर तास संपल्यावर प्राध्यापकांच्या खोलीत जावं आणि ‘काही कळलं नाही’ असं न म्हणता नेमकी कुठली पायरी अडली ती दाखवावी. मोडक्या इंग्रजीत विचारलेली शंका बरोबर इंग्रजीत गिळलेल्या शंकेपेक्षा कितीतरी पटींनी मोलाची असते. आपली तुलना शेजाऱ्याशी न करता तीन महिन्यांपूर्वीच्या आपल्याशी करावी. तेव्हा न सुटणारी किती गणितं आज सुटतात, ते वहीत लिहून ठेवावं. एखादा विषय राहिला तर तो पुढच्या सत्रात निघतो. त्यावरून आयुष्याचा निकाल लावू नये.

घरच्यांनी ‘कितवी आलीस?’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि ‘काय नवीन शिकलीस? कुणाशी मैत्री झाली?’ असं विचारावं. मूल फोनवर फार थोडं बोलत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, परत येतो म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. गाडी पकडून भेटायला जा. मन फारच खचलं असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्राध्यापकांकडे आणि संस्थांकडे एक आग्रहाची मागणी आहे. पहिल्या सत्राची पहिली परीक्षा होण्याआधीच सगळ्या मुलांसाठी गट-अभ्यासाचे तास ठेवा आणि ‘कच्च्यांचा वर्ग’ असा शिक्का कुणावर मारू नका. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यांची पहिल्या वर्षाची खरी कहाणी नव्या मुलांसमोर सांगू द्या. मराठीतून विचारलेल्या शंकेला मराठीतून उत्तर देता येत असेल तर द्या.

भिवापूरहून जी मुलं यंदा नागपूरला, पुण्याला किंवा मुंबईला जाणार आहेत, त्यांनी एवढं पक्कं समजून जावं. तुम्हाला मिळालेली जागा ही देणगी नाही, तुम्ही ती कमावली आहे. तिथे पहिले काही महिने अवघड वाटणार, कारण तुमच्याभोवतीचे सगळेच निवडून आलेले असतील. अडलं की विचारा, एकटे अभ्यास करत बसू नका. आणि दुसऱ्या वर्षाला गेलात की आपल्या तालुक्यातून नव्याने आलेल्या मुलाला शोधून काढा आणि पहिल्या परीक्षेत आपल्याला किती गुण मिळाले होते, ते त्याला खरं खरं सांगा.